कराराआधी उतू गेलेलं दूध

एकदा एका शिष्याला घर हवं होतं, आणि तेही दुपारी चार वाजायच्या आत. ज्ञानाची आस लागलेला शिष्य बारा वर्षं थांबतो म्हणतात. घराची आस लागलेल्याला बारा मिनिटं थांबवून दाखवा!

शिष्याचं नाव श्रीरंग. गाव विद्येचं होतं, म्हणजे गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या आणि प्रत्येक जिन्याखाली भाड्याची एक खोली. श्रीरंग तिथल्या महाविद्यालयात शिकत असे आणि रोज पहाटे एका वृद्ध गुरुजींकडे तर्कशास्त्राचा पाठ घेत असे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान त्याला इतकं पाठ होतं की झोपेतही तो डोंगर, धूर आणि अग्नी एका दमात म्हणे. गुरुजी मात्र प्रसन्न नव्हते. चाळीस वर्षं भाड्याने राहून आणि अकरा घरं बदलून ते अशा अवस्थेला पोचले होते की नुसत्या पाठांतराने त्यांना प्रसन्नता येत नसे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वसतिगृह दुरुस्तीसाठी रिकामं करायचं होतं. श्रीरंगची वळकटी आणि ट्रंक रखवालदाराच्या केबिनीत जाऊन पडली होती. सोमवारपासून परीक्षा. पुस्तक उघडलं की त्यातही त्याला 'भाड्याने देणे आहे' असंच काहीतरी दिसे. वर्गातले दोन मित्र त्याच्यासोबत राहणार होते. एक यशोधन, जो बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, काम झालंच. दुसरा तौफिक, ज्याला बोलायचाच आळस.

तिघांनी मिळून एक घर पाहून ठेवलं होतं. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. खालच्या मजल्यावर मालक गुंजाळकाका स्वतः राहत. काकांनी ठणकावून सांगितलं होतं, "चार वाजता दुसरी पार्टी येणार आहे. त्याआधी अनामत आणि सही. आणि करार एकाच्या नावाने. तीन-तीन डोक्यांशी मी बोलत बसणार नाही."

"रंग्या, तूच कर सही," यशोधन लगेच म्हणाला. "आपल्यात तुझ्याइतकं जबाबदार आहे कोण?"

श्रीरंगची छाती दोन बोटं फुगली. तुमचीही फुगली असती, उगाच मान हलवू नका.

तर असा छाती फुगवून तो भर दुपारी गुरुजींचा आशीर्वाद घ्यायला गेला. गुरुजी अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

"घर नीट पाहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं, गुरुजी. फार सुंदर आहे. नुकताच रंग दिलाय, फिकट हिरवा. खाली वडापावची गाडी आहे. मोबाइलला रेंज सगळीकडे येते. संडासातसुद्धा."

"वा! म्हणजे चिंतनाची सोय झाली. आणि पाणी?"

"असेल की."

"'असेल की' हे कोणतं प्रमाण, बाळा? मी तुला हे शिकवल्याचं आठवत नाही. बरं, आधीचे भाडेकरू का गेले?"

"शिक्षण संपलं असेल."

"रंग का दिला?"

"चांगला दिसावा म्हणून."

"हो, नवरदेवाच्या तोंडाला पावडरही त्याचसाठी लावतात. करारात काय लिहिलंय?"

"माझं नाव!" श्रीरंग म्हणाला.

अडकित्ता थांबला. "एकट्याचं?"

"एकट्याचं, गुरुजी. मित्रांचा विश्वास आहे माझ्यावर."

गुरुजींनी सुपारीचा डबा मिटला. मग त्यांनी फळीवरचं पातेलं काढलं आणि पिशवीत घातलं. "वाटेत अर्धा लिटर दूध घे. नव्या वास्तूत दूध उतू घालायचं असतं. मुहूर्त दोन वाजून दहा मिनिटांचा आहे."

"पण गुरुजी, ते राहायला गेल्यावर घालतात ना?"

"मुहूर्त मी सांगायचा की तू?"

खरं तर गुरुजींनी पंचांग उघडल्याला किती वर्षं झाली ते त्यांनाच ठाऊक. पण शिष्य घाईत असला की त्याला मुहूर्तसुद्धा खोटा सांगता येतो.

गुरुजी श्रीरंगसोबत त्या घरी पोचले तेव्हा दोघे मित्र दारातच होते. गुंजाळकाकांनी पातेलं पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "दूध? आत्ता? अहो, अजून सही व्हायची आहे!"

"सही माणसांची असते, गुंजाळसाहेब. दूध वास्तूचं," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "वास्तूला नाही कसं म्हणायचं?"

वास्तूला नाही म्हणायची काकांची छाती झाली नाही. "उरका तर मग. मी चारला कागद घेऊन येतो," असं म्हणून ते जिना उतरले.

ते जाताच म्हाताऱ्याच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी घरातले सगळे नळ एकदम सोडले. नळ खोकले, चमचाभर तांबडं पाणी ओकले आणि गप्प झाले. गुरुजींनी यशोधनला हाताशी घेऊन लोखंडी कपाट ढकललं. कपाटामागे फिकट हिरवा रंग संपला होता आणि ओलीचा काळा नकाशा पसरला होता, त्यात एखाददुसरं बेटसुद्धा होतं. स्वयंपाकघराची खिडकी रंगाने अशी चिकटून बसली होती की तिघांनी ढकलूनही हलली नाही. शेवटी गुरुजींनी त्या चमचाभर पाण्यात साबणाचा फेस करून गॅसच्या नळीला लावला आणि वाकून पाहिलं. बुडबुडे आले नाहीत. "ही शाबूत आहे," ते म्हणाले. "घरात एक तरी प्रामाणिक निघालं."

मग त्यांनी समोरचं दार वाजवलं. एक बाई हात पुसत बाहेर आल्या.

"ताई, आधीची मुलं का गेली हो?"

"भांडली ना आपापसात!" बाई म्हणाल्या. "पाणी सकाळी दोन तास येतं. भरायचं कोणी यावरून रोज तोंडं फुगलेली. एक दिवस एकाने दुसऱ्याच्या अंगावर बादली फेकली. रिकामीच होती म्हणून वाचला."

श्रीरंगने हे सगळं ऐकलं, पण कानाआड केलं. त्याचा एक डोळा घड्याळावर होता. ओल काय, प्रत्येकच घरात असते. खिडकी काय, उघडेल कधीतरी. चार वाजता घर हातचं जाईल, हेच त्याच्या डोक्यात घोंघावत होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी पातेलं शेगडीवर चढलं. आच मोठी. दूध कडेला थरथरलं आणि बघता बघता फुगून वर आलं. श्रीरंगचा हात आच कमी करायला पुढे गेला. गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दूध चर्रकन शेगडीवर सांडलं, ओट्यावरून वाहिलं आणि खाली फरशीवर त्याचं तळं झालं. जळका धूर खोलीभर पसरला.

गुरुजींनी गॅस बंद केला आणि हात जोडून डोळे मिटले. दोघा मित्रांनीही हात जोडले. तौफिक पुटपुटला, "आमच्या घरीपण दूध उतू जातं. फक्त मुहूर्त नसतो आणि अम्मी ओरडते."

"झालं," गुरुजी म्हणाले. "आता बाहेरच्या खोलीत बसू." आणि श्रीरंगच्या कानाशी लागून त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं, "मी सांगेपर्यंत तुझे हात मांडीवर. तोंड मोकळं आहे, हात नाहीत. हा आजचा पाठ."

आता या पोराची सवय अशी, की सांडलेलं दिसलं की पुसायचं, उघडं दिसलं की झाकायचं, आणि हे सगळं कोणाला न सांगता. वसतिगृहात खोलीतला कचरा तोच काढी आणि काढताना झाडू असा आपटत असे की झाडूलाच दया यावी. त्याला हात मांडीवर ठेवून बसवणं म्हणजे मुंगीला चटईवर शवासन घालायला लावणं.

अडीच वाजले. धूर जायला वाट नव्हती, तो खोलीतच फिरत राहिला. यशोधनचा फोन वाजला. "हां पप्पा, घर एकदम फायनल!" असं म्हणत तो बोलण्याच्या नादात स्वयंपाकघरात शिरला, दुधाचं तळं लांब पाय टाकून ओलांडलं, तसंच ओलांडून परत आला आणि म्हणाला, "रंग्या, आतलं जरा बघून घे ना. वास येतोय."

श्रीरंगची बोटं मांडीत रुतली.

तीन वाजता तौफिक उठला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि कितीतरी वेळ त्या दुधाकडे पाहत राहिला. श्रीरंगला बरं वाटलं. निदान हा तरी! तौफिक परत आला, त्याने गुरुजींच्या पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, आत जाऊन ते दुधावर अंथरलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

बस्स! श्रीरंगच्या मनात अनुमानांची रांग लागली. एकाला दिसत असून दिसलं नाही. दुसऱ्याने तर पाहून झाकलं. दुसरा पहिल्यापेक्षा वाईट. म्हणजे वर्षभर भांडी कोणी घासायची? मी. पाणी कोणी भरायचं? मी. मालकाचं ऐकून कोणी घ्यायचं? तेही मीच. असे तीनशे पासष्ट दिवस त्याच्या डोळ्यांसमोरून एकापाठोपाठ गेले आणि प्रत्येकाच्या हातात खरकटं पातेलं होतं. मुंग्या रांगेने आत निघाल्या होत्या. घड्याळात साडेतीन. गुरुजी भिंतीला टेकून, डोळे मिटून, मजेत सुपारी चघळत होते.

दहा मिनिटांनी दाराचं लॅच बाहेरून फिरलं. कडी वाजवली नाही, हाक मारली नाही. गुंजाळकाका आपल्या किल्लीने थेट आत!

"काय जळलं?" ते तडक स्वयंपाकघरात गेले. "अरे अरे अरे! हे काय करून ठेवलंय ओट्याचं! श्रीरंग कोण तुमच्यात? कराराला नाव तुझं ना? मग तुला सांगतो, असलं चालणार नाही इथे!"

अजून सही व्हायची होती आणि पहिली बोलणी आलीसुद्धा.

श्रीरंग ताडकन उठला. जे वसतिगृहाच्या तीन वर्षांत बोलला नव्हता ते सगळं एकदम घशाशी आलं, आणि बाहेर पडलं ते तौफिकवर, कारण तो जवळ बसला होता. "तू पाहिलंस! दारात उभं राहून पाहिलंस! आणि वर पेपर टाकलास? लाज वाटली नाही?"

तौफिकने आ वासला. "पुसायचं असतं ते?"

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत! मला वाटलं, तुमच्यात ते तसंच ठेवायचं असतं. गुरुजींनी हात जोडले, तूही गप्प बसलास. म्हटलं, पूजेचं दूध आहे, आपण हात लावला तर चूक होईल. पण पाय तरी पडू नये कोणाचा, म्हणून पेपर टाकला. हा यशा दोनदा ओलांडून गेला ना."

मग गुरुजींना हसू फुटलं. हसता हसता सुपारी घशात गेली, खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात. "हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं," ते कसेबसे म्हणाले.

"हां, म्हणजे मीपण त्याच भावनेने..." यशोधनने सुरुवात केली.

"तू गप रे," तौफिक म्हणाला.

गुरुजींनी डोळे पुसले. आवाज खाली आणला.

"श्रीरंगा, कोरड्या घरात सगळेच गुणी दिसतात. भिंत हिरवी असते, मालक गोड असतो, मित्र हसत असतात. म्हणून सही करण्याआधी काहीतरी सांडून पाहावं. पाणी कधी येतं, धूर कुठून जातो, मालक दार वाजवतो की नाही, हे या दुधाने दोन तासांत सांगितलं. करारात ते लिहिलेलं नव्हतं. राहिली माणसं. तू बसल्या बसल्या या दोघांची परीक्षा घेत होतास. मी तुझी घेत होतो. मी अडवलं नसतं तर तू मुकाट्याने पुसलं असतंस. उद्याही, परवाही. आणि मनात थेंब थेंब साठवत एक दिवस बादली तूच फेकली असतीस. मी तुझे हात अडवले होते, तोंड मोकळं ठेवलं होतं. तुला दीड तासात एक प्रश्न विचारता आला नाही. अनुमान करत बसलास. माणूस समोर दिसत नसेल तेव्हा अनुमान करावं, बाळा. इथे तर तो हाताच्या अंतरावर बसला होता."

श्रीरंग मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काम करण्याआधी बोलला.

"ओटा मी पुसतो. तौफिक, तू फरशी घे. यशा, पातेलं तू घास." आवाज जरा फाटला, पण वाक्य पुरं झालं.

तौफिक लगेच उठला. यशोधन म्हणाला, "पण पाणी कुठंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दुपारपासून त्याने विचारलेला पहिला बरोबर प्रश्न! शेवटी समोरच्या ताईंनी अर्धी बादली दिली, "परत भरून द्या हं," असं बजावून. ओटा, फरशी झाली. पातेलं यशोधनने आतून घासलं, बाहेरून घासायच्या आत त्याचा फोन वाजला.

चारला गुंजाळकाकांनी टेबलावर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. वळकटी केबिनीत, परीक्षा सोमवारी, आणि हे पेन समोर. श्रीरंगने ते घेतलं नाही.

"काका, आत येताना दार वाजवाल का?"

"घर माझं आहे!"

"खिडकी मोकळी करून द्याल?"

"ते बघू. सुतार येईल तेव्हा."

"आणि करारात तिघांची नावं घालाल?"

"सांगितलं ना, एकच नाव!"

श्रीरंगने कागद यशोधनकडे सरकवला. "एकच हवंय ना? मग यशा, तू कर."

यशोधनचा चेहरा भिंतीपेक्षा हिरवा झाला. "मी? अरे, पप्पांनी सांगून ठेवलंय, कुठेच सही करायची नाही. तुझी गोष्ट वेगळी, तू जबाबदार आहेस..." पुढचं त्याला सुचलं नाही. असं त्याच्या बाबतीत क्वचित घडतं.

"मी करतो," तौफिक म्हणाला. "पण माझ्याखाली तुम्हा दोघांचीपण हवी."

यशोधन फोनमध्ये बघू लागला, काकांनी पुन्हा एकच बोट वर केलं. मग श्रीरंगने टोपण उचलून काकांच्या हातातल्या पेनाला लावलं. "तुमची चारची पार्टी आली की त्यांनाच द्या, काका."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि जिन्यात एक पाऊल वाजलं नव्हतं. गुंजाळकाका गॅलरीतून खाली वाकून आले, नुसतंच "ट्रॅफिक असेल" म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

ताईंची बादली शेजारच्या इमारतीच्या नळावरून भरून देऊन सगळे खाली उतरले. यशोधन कोपऱ्यावर थांबला. "मी सध्या माझ्या सख्ख्या काकांकडेच राहतो, रंग्या. राग नाही ना?" श्रीरंगने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "थोडा आहे. जाईल." यशोधनने हा हिशेबाबाहेरचा जबाब ऐकून मान डोलावली आणि तो रिक्षात बसला. गुरुजी पातेलं काखेत मारून आपल्या बाराव्या घराच्या दिशेने चालू लागले. आशीर्वाद द्यायचा राहिला, आणि मागायला आलेल्याच्याही तो लक्षात नव्हता.

दोघं वसतिगृहाच्या रस्त्याला लागले. सामान उचलायचं होतं, पण न्यायचं कुठे ते ठरलं नव्हतं.

"माझ्या मामूंच्या दुकानावर माळा आहे," तौफिक म्हणाला. "घर मिळेपर्यंत तिथे पडू. उंदीर आहेत."

"किती?"

"ओळख करून घेतली नाही अजून."

श्रीरंगला हसू आलं नाही. त्याचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. हातचं घर गेलं होतं, आणि ते आपणच घालवलं हे पुन्हा पुन्हा टोचत होतं. सवयीने तो चार पावलं पुढे गेला. मग थांबला, मागे वळला.

"तौफिक, तू घोरतोस का?"

"घोरतो. जोरात."

"मला सकाळी लवकर दिवा लावून वाचायला लागतं. चालेल?"

तौफिक लगेच उत्तर देईना. तो खरोखरच विचार करत होता. एरवी एवढ्या वेळात श्रीरंगने त्याच्या वतीने उत्तर ठरवलं असतं, त्यावर रुसला असता आणि पुढचा चौकही गाठला असता. आज तो भर रस्त्यात, सायकलींच्या घंटा ऐकत, उत्तराची वाट पाहत उभा राहिला.